चौकटीचं बिऱ्हाड

विंडोजवरच्या वननोटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीसारख्या प्रोग्रॅमचं, पान मोठं उदार. जिथे क्लिक करावं तिथे लिहिता येतं, आणि पहिलं अक्षर उमटताच मजकुराभोवती फिकट चौकट उभी राहते. २००३ साली आलेल्या या प्रोग्रॅमचा हा जुना स्वभाव. गोची एवढीच, की ओळीच्या जरा पलीकडे क्लिक पडलं तरी नवी चौकट तयार होते. एकच परिच्छेद लिहितोय असं वाटत असतं आणि पानावर तीन चौकटी शेजारीण-शेजारीण बसलेल्या असतात.

चौकट हलवायची तर मजकुराला हात लावायचा नाही. मजकूर धरून ओढला तर तो नुसता निवडला जातो. माउस वर नेला की माथ्यावर करडी पट्टी दिसते. कर्सर चार बाणांचा झाला की तिला धरून ओढायचं. दुसऱ्या चौकटीवर नेऊन तशीच सोडली तर अक्षरांवर अक्षरं चढतात. दोन्ही एक करायच्या असतील तर ओढताना शिफ्ट दाबून ठेवावी. उलट, एकच परिच्छेद वेगळा काढायचा असेल तर त्याच्या डावीकडची खूण धरून तो मोकळ्या जागेत न्यावा.

खरी पंचाईत आकृतीची. वनस्पतीपेशीचं चित्र, पेनने काढलेले बाण, बाजूला ‘हरितलवक’, ‘केंद्रक’ अशी टाइप केलेली नावं. डोळ्यांना ते सगळं एकच दिसतं, पण प्रोग्रॅमच्या लेखी चित्र वेगळं, शाई वेगळी, प्रत्येक नाव वेगळं. नावाची चौकट सरकवली की तिचं बिऱ्हाड हलतं. बाण मात्र जुन्याच पत्त्यावर. मग ‘ड्रॉ’ टॅबमधल्या लॅसोने, म्हणजे भोवती रेघ मारून निवडायच्या साधनाने, शाई घेरून मागोमाग आणावी लागते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी चित्र जागेवर ठेवून राइट क्लिकने ‘सेट पिक्चर ॲज बॅकग्राउंड’ करावं, म्हणजे ते ओढलं जात नाही. नावं त्यानंतर, बाण सर्वांत शेवटी.

मधे दोन ओळींची जागा हवी म्हणून खालच्या चौकटी एकेक करून सरकवणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. ‘इन्सर्ट स्पेस’ निवडून पानावर आडवी रेघ धरायची आणि खाली ओढायची. मजकूर, शाई, चित्रं सगळं एकदम उतरतं. जागा जास्त झाली तर वर ओढायचं. पानाच्या या भानगडीत एवढं उपयोगी बटण दुसरं नाही.

चौकटीची रुंदी उजव्या कडेने ठरते. एकदा हाताने आवळली की मजकूर तेवढ्यातच वळतो. छापायचं असेल तर हे आधीच उरकावं, कारण पडद्यावर पान उजवीकडे हवं तेवढं वाढतं, प्रिंटरचा ए-फोर कागद वाढत नाही. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये कागदाच्या रुंदीत बसवण्याचा पर्याय आहे, पण चौकट फार दूर गेली असेल तर सगळंच इतकं बारीक होतं, की छापूनही वाचता येत नाही.