तीन की आठ

पाव मैल म्हणजे 402 मीटर. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ धावपट्टीवरच्या शर्यतीत, तेवढं अंतर माझ्या सॅन स्टॉर्म गाडीने 18.9 सेकंदांत तोडलं. गाडी नावावर व्हायला पाच महिने लागले. म्हणून इथे वेगाबद्दल कमी आणि कागदांबद्दलच जास्त वाचावं लागेल.

गाडी 1999 ची, गोवा पासिंग. दोनच सीटं, फायबरची बॉडी, वर कापडी छप्पर आणि आत रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. काम बेळगावच्या उद्यमबागेत केलं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, सायलेन्सर बदलला, गाडी उघडी म्हणून मागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, बसवला. मिस्त्रीमामांनी तीन आठवड्यांत किल्ली हातात दिली. स्पर्धेचं लायसन्स, डॉक्टरांचा दाखला, रक्तगट हे सगळं पंधरवड्यात झालं.

शर्यतीच्या आयोजकांना आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, माझ्या नावावर हवी होती. दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28. त्यावर चॅसिस नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा, पेन्सिल ठसा लागतो. पातळ कागद नंबरावर दाबून धरायचा आणि आडवी पेन्सिल हलकी घासायची. एजंटने तो घाईत घेतला. नंबरावर आधीच्या मालकाने मारलेला काळा रंग तसाच होता, त्यामुळे शेवटून दुसरा अंक, आठ, कागदावर तीनासारखा उमटला. एनओसीत तीनच टाइप झाला. आरसीवर मात्र आठ!

बेळगाव आरटीओच्या खिडकीवरच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तीनाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "गोव्यास्नं दुरुस्त करून आणा." गोव्यातले म्हणाले, "आम्ही ठशाप्रमाणे लिहिलंय, तिकडे गाडी दाखवा." मी गाडी दाखवायला नेली, तर तपासणारे रजेवर. नाळे बन्नी, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो, तर कन्नडमधून अर्ज लिहून आणायला सांगितलं. कन्नड मला बोलता येतं, लिहिता येत नाही. बाहेरच्या टपरीवर पन्नास रुपये देऊन लिहून घेतलं. तोवर पावसाळा लागला. चोर्ला घाटातून पाच फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला छपरातून पाणी बरोबर माझ्या डाव्या मांडीवर. घरात बायको म्हणायची, "एवढ्यात घर नावावर झालं असतं." शेवटी मी स्वतःच थिनर आणि जुनी बनियन घेऊन गाडीखाली शिरलो. अर्ध्या तासात रंग निघाला, ठसा घेतला, आणि आठाची दोन्ही पोटं स्वच्छ दिसली. नवीन एनओसी बारा दिवसांत आली. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर! एजंटला पैसे द्या, पण ठसा स्वतः घ्या, आणि चार घ्या.

राहून जाण्याआधी: असे बदल केलेली गाडी रस्त्यावर पळवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि हायवेवर उसाचे ट्रॅक्टरही आहेत. घाटातल्या त्या फेऱ्या सोडल्या, तर मीही शर्यतीला आंबी व्हॅलीच्या धावपट्टीपर्यंत टेम्पोतूनच नेली. हेल्मेट आधीच घालून पाहा; माझं रोल बारला आपटत होतं, सीट दोन इंच खाली घ्यावी लागली. दिवे हिरवे झाले की घाबरून क्लच सोडू नका. तुमची वेळ चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणाबाहेर गेल्यावर मोजायला लागतात, दिव्यापासून नव्हे. मी पहिल्या फेरीत उगाच घाई केली, हिरव्याआधीच सुटलो आणि लाल दिवा खाल्ला. 18.9 आले ते तिसऱ्या फेरीत. साठ हॉर्सपॉवरच्या गाडीला मला तेवढं पुरे.

पण फेऱ्यांच्या आधी तपासणी होती. तपासनिसाने बॅटरी हलवून पाहिली, मॅट काढायला लावलं, अग्निशामकाची तारीख वाचली. मग आरसी मागितली आणि टॉर्च घेऊन खाली वाकला. बराच वेळ वर आलाच नाही.

"अहो, हा तीन आहे की आठ?"

मी खिशातून चौथा ठसा काढला.