निःस्वार्थ फक्त तिनेच असावे?

सरोगसीला कायद्याने मान्यता द्यावी की नाही, ही चर्चा कुठेही सुरू झाली तरी थोड्याच वेळात ती दान आणि धंदा या दोन शब्दांपाशी येऊन अडते. दुसऱ्यांचे मूल पोटात वाढवणारी स्त्री मोबदला घेत नसेल तर ते दान, घेत असेल तर धंदा. तेव्हा पहिल्याला परवानगी द्यावी आणि दुसऱ्यावर बंदी घालावी, हा तोडगा मलाही बरीच वर्षे समंजस वाटत होता. ब्रिटनने १९८५ मध्ये मध्यस्थांच्या नफेखोरीला बंदी घातली ती याच विचाराने, आणि भारताच्या २०२१ च्या कायद्यातही वैद्यकीय व ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा एवढेच सरोगेट मातेला देता येते.

या तोडग्यातली विसंगती मला फार उशिरा दिसली. बीजांडे काढणारे डॉक्टर, भ्रूण तयार करणारी प्रयोगशाळा, करारनामा लिहिणारे वकील, हे सगळे आपापले शुल्क घेतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गर्भाशयाचे अस्तर तयार व्हावे म्हणून संप्रेरके घेणारी, प्रोजेस्टेरॉनच्या रोजच्या इंजेक्शनांनी कुशीवर निजणेही अवघड झालेली, नऊ महिने गर्भ वाढवून बाळंतपणाची जोखीम पत्करणारी बाई तेवढी निःस्वार्थ असली पाहिजे, असा मात्र सर्वांचा आग्रह असतो. शिवाय मोबदला बंद झाला की शोध नात्यात सुरू होतो. परक्याच्या व्यवहारातून निदान नकार देऊन उठता येते. घरातल्यांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलेल्या बहिणीने उठून कुठे जायचे?

विरोधकांचे म्हणणे मला पोकळ वाटत नाही. गरजेपोटी दिलेल्या संमतीला संमती म्हणावे का, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. करारातील अटी वाचल्या तर तो अधिकच टोचतो: गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे, गर्भात दोष आढळला तर काय करायचे, तिने प्रवास करायचा की नाही, हे सारे आधीच लिहून ठेवलेले असते. पण सरसकट बंदीने हा प्रश्न सुटत नाही, तो सीमेपलीकडे जातो. २०१५ मध्ये भारत, नेपाळ आणि थायलंड यांनी परदेशी जोडप्यांना दारे बंद केली, तेव्हा हा व्यवहार कंबोडियात सरकला. तिथेही बंदी आली, आणि २०१८ मध्ये तीसहून अधिक गर्भवती सरोगेट स्त्रियांना अटक झाली. ही मुले स्वतःची म्हणून वाढवावी लागतील, या अटीवर त्यांची सुटका करण्यात आली. मानवी तस्करीतून ज्यांना वाचवायचे होते, शिक्षाही त्यांच्याच पदरात पडली.

माझ्या मते खरा वाद पैशाचा नसून माघारीचा आहे: बाळ जन्मल्यावर तिला आपला शब्द मागे घेता यावा की नाही? न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘बेबी एम’ प्रकरणात असा करारच अवैध ठरवला. बाळाचा ताबा पित्याकडे राहिला, पण जन्मदात्रीला भेटीचा हक्क मिळाला. तिथे बीजांड तिचे स्वतःचे होते. बीजांड दुसरीचे असलेल्या एका प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, मूल जन्माला घालून वाढवण्याचा हेतू जिचा, आई तीच, असा निवाडा दिला. ब्रिटनमध्ये आजही जन्म देणारीच कायद्याने आई असते, आणि पालकत्व सोपवण्यासाठी तिने बाळ सहा आठवड्यांचे होण्याआधी दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. तिथल्या विधी आयोगांनी २०२३ मध्ये हे उलटवण्याची शिफारस केली: आधीच तपासून मंजूर झालेल्या प्रकरणात इच्छुक दांपत्य जन्मापासून पालक ठरेल, मात्र आपली संमती मागे घ्यायला जन्म देणारीला तेच सहा आठवडे असतील. या मुदतीत बाळाला घरी नेलेल्या दांपत्याच्या जिवाची घालमेल मला समजते, तरीही ते सहा आठवडे कायद्याने तिच्याकडून काढून घेऊ नयेत असेच मला वाटते.