फॉलोअपच्या आधीचा आठवडा

सोमवार, रात्री साडेदहा

शुक्रवारी ब्रेस्ट कॅन्सरचा फॉलोअप आहे, दर सहा महिन्यांची तपासणी. कपाटातून फाईल काढली, बायोप्सीचा रिपोर्ट, किमोचं कार्ड, मागच्या वर्षीचा मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) सगळं तारखेप्रमाणे लावलं आणि मग तशीच दहा मिनिटं फाईलवर हात ठेवून बसून राहिले. ऑपरेशनला पावणेदोन वर्षं झाली, रेडिएशन संपूनही वर्ष होऊन गेलं, पण दर सहा महिन्यांनी हा आठवडा आला की पोटात गोळा येतोच. पाठ दुखली तरी वाटतं हाडात गेलं असेल, खोकला आला की फुफ्फुस आठवतं. दिवसा शाळेत पोरांच्यात वेळ जातो, रात्री मात्र काही सुचत नाही.

परळला टाटा हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागातल्या मॅडमनी मला एक सांगितलं होतं, भीती दिवसभर पाठीशी घेऊन फिरू नका, तिला रोज संध्याकाळचा अर्धा तास द्या आणि त्या अर्ध्या तासात जे मनात येईल ते कागदावर उतरवा. तेव्हापासून लिहिते. रोज नाही जमत, पण या आठवड्यात लिहायलाच लागतं.

मला कॅन्सर झाला तेव्हा मी 46 वर्षांची. डावीकडे गाठ लागली हाताला, दुखत नव्हती म्हणून दोन महिने तशीच काढली, ही चूक माझी, आणि ती मी प्रत्येक बाईला सांगते की न दुखणारी गाठच आधी दाखवा. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले (नाव नाही घेत) त्यांनी रिपोर्ट बघितला आणि मान वर न करता म्हणाले, काढून टाकू, आता या वयात काय करायचंय त्याचं. हे बाजूला उभे होते. आम्ही दोघं बाहेर येऊन पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि अर्धा तास गाडी सुरूच केली नाही. पुढे परळला तेच ऑपरेशन झालं, स्तन काढावाच लागला, पण तिथल्या डॉक्टरांनी आधी खुर्ची ओढून बसायला सांगितलं, चित्र काढून दाखवलं, आणि विचारलं की घरी कोण कोण आहे. फरक ऑपरेशनचा नव्हता, त्या खुर्चीचा होता.

मंगळवार

आज मावससासूबाईंचा फोन. तब्येत विचारली आणि शेवटी नेहमीचं वाक्य, पॉझिटिव्ह राहा बाई, मनानं खंबीर असलं की सगळं बरं होतं. त्यांनीच ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं की मुलीचं लग्न व्हायचंय, बाहेर कुठे बोलू नका. दोन्ही वेळी त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहितीये. आमच्या डॉक्टरांनी तर समजावलं होतं की आईवडलांकडून आलेल्या जीनमुळे होणारा ब्रेस्ट कॅन्सर शंभरात पाच ते दहाच असतो, पण ते सगळ्या नातेवाइकांना कोण समजावणार.

पण हे पॉझिटिव्ह राहा प्रकरण मला आज नीट लिहायचंय, कारण ते माझ्या छातीवर दगडासारखं बसलं होतं वर्षभर.

रेडिएशनच्या वेळी आम्ही चौघी रोज एकाच वेळेला बाकड्यावर असायचो. सोमवार ते शुक्रवार, 15 सिटिंग, तीन आठवडे. मी भावाकडे डोंबिवलीला राहून लोकलनं यायचे, एक रत्नागिरीच्या, एक गोरखपूरची भाभी जिला मराठी येत नव्हतं आणि एक लातूरच्या ताई. नंबर लागेपर्यंत गप्पा. कोणाची कातडी किती काळी पडली, कोणाला गिळताना दुखतं, लाल रंगाच्या किमोनंतर कोणाला कसला वास सहन व्हायचा नाही. (मला फोडणीचा. हे महिनाभर माझ्यासाठी वरणभाताला फोडणीच घालत नव्हते.) जे घरी कोणाला सांगता आलं नाही ते तिथे सहज बोललं जायचं, म्हणजे अंघोळ करताना खाली बघवत नाही, नवऱ्यासमोर साडी बदलायला नको वाटतं, असलं सगळं. कोणी कोणाला सल्ला देत नव्हतं. भाभी तर आमचं अर्धंच समजायची पण मान हलवत हात धरून बसायची आणि तेवढं पुरायचं.

लातूरच्या ताई सगळ्यात हसऱ्या. रोज वेगळा स्कार्फ, आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी, तिथल्या वॉर्डबॉयपासून सगळ्यांची चौकशी. मागच्या श्रावणात त्या गेल्या. लिव्हरमध्ये गेला होता. त्यांच्या मुलाचा आमच्या ग्रुपवर मेसेज आला, मी तेव्हा भाजी निवडत होते, तशीच उठून मागच्या पायरीवर जाऊन बसले.

आणि तेव्हापासून कोणी पॉझिटिव्ह राहा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ताईच येतात. मनानं खंबीर असलं की बरं होत असतं तर त्या आज असत्या ना. मग उलटंही मनात यायचं, मी तर रात्री रडते, मी घाबरते, म्हणजे माझा परत आला तर तो माझ्या रडण्यामुळे येणार का? हे मी कोणाला बोलले नव्हते, शेवटी एका रात्री लेकीला बोलले. ती फार्मसीला आहे. तिनं दोन दिवस काही उत्तर दिलं नाही आणि मग रविवारी लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. म्हणाली आई ऐक, अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पिगेल नावाच्या डॉक्टरांनी 1989 मध्ये छापलं होतं की पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ज्या बायका दर आठवड्याला गटात बसून मनातलं बोलायच्या त्या बाकीच्यांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. जगभर गाजलं ते. मग कॅनडात तशाच 235 बायकांवर पुन्हा करून बघितलं, ते 2001 मध्ये आलं, आणि त्यात आयुष्य काही वाढलं नाही. पण गटात बसणाऱ्या बायकांचं मन कमी खचलं, आणि दुखणंसुद्धा कमी जाणवलं, आणि ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला.

लेकीला वाटलं मला वाईट वाटेल. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. म्हणजे ताई कुठे कमी पडल्या नव्हत्या. आणि माझ्या रडण्यानं गाठ येत नाही. गाठीचं काम औषधाचं, टॅमोक्सिफेनची गोळी रोज रात्री पाच वर्षं घ्यायची, ती मी घेते, त्यानं अंगातून वाफा निघतात, मध्यरात्री पंखा फुल्ल करून बसावं लागतं तरी चुकवत नाही. आणि बायकांच्या सोबतीचं काम वेगळं, दुखणं हलकं करायचं. मला दोन्ही हवंय आणि एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा नको.

बुधवार

आज पाठ बरी आहे. शाळेत तिमाही परीक्षेचे पेपर. फार लिहीत नाही.

फक्त एक, दुपारी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे लक्ष गेलं आणि उभी राहिले. फ्रिजच्या बाजूला पेन्सिलच्या बारीक रेघा आहेत, प्रत्येकीसमोर ह्यांच्या अक्षरात तारीख.

ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वॉर्डात तिसऱ्या दिवशी, जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी अजून लावलेली, मी भिंतीकडे तोंड करून पडलेले, तेव्हा एक बाई आल्या. आधी तिथेच ऑपरेशन झालेल्या, इचलकरंजीच्या, स्वतःच्या तपासणीला आल्या होत्या आणि वॉर्डात सहज डोकावल्या. नमस्कार केला, सहा वर्षं झाली मला, डावीकडचंच, म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी पिना काढून तोंडात धरल्या, आंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे, आणि दोन्ही हात डोक्यामागे नेऊन सावकाश पुन्हा बांधला, पीळ देऊन, एकेक पीन खोचून. डावा हात उजव्याइतकाच वर. मी नुसती बघत होते. पिना लावून झाल्या, ताई, येते हं, म्हणाल्या आणि गेल्या. जेमतेम पाच मिनिटं असतील. मला अजून त्यांचं नाव माहीत नाही.

डिस्चार्ज घेऊन घरी आल्यावर मी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू केला, मुंगी चढल्यासारखी बोटं एकेक करत वर न्यायची, जिथे थांबेल तिथे दहा आकडे मोजायचे. हे रोज सकाळी चहा ठेवला की येऊन उभे राहायचे आणि मधलं बोट पोचलं की तिथे रेघ मारायचे. हे मुळात कमी बोलणारे. माझ्या आजारात एकदाही धीराचे चार शब्द बोलले नाहीत आणि मला त्याचा रागही यायचा खरं तर, कारण बाकीच्यांचे नवरे म्हणे किती समजावतात. पण पेन्सिल एक दिवस चुकली नाही. मी किमोसाठी डोंबिवलीला असायचे तेव्हा फोनवर विचारून, मी आले की वहीतून भिंतीवर. रेडिएशननंतर तर रेघा खाली यायला लागल्या, चार बोटं खाली, खांदा आखडला होता, मी भिंतीवर हात आपटून रडले की एवढं करून मागेच चाललंय सगळं. ह्यांनी त्या दिवशीही रेघ मारली, तारीख घातली आणि म्हणाले, जिथं आहे तिथं आहे. फिजिओथेरपीच्या मॅडम नंतर म्हणाल्या की रेडिएशननं खांदा असा आखडतो, व्यायाम सोडायचा नाही. त्याच रेघा आज बघितल्या. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्या हातभर वर आहे.

फार लिहीत नाही म्हणाले आणि एवढं झालं.

गुरुवार, संध्याकाळ

बॅग भरली. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सातारा स्टेशन माहुलीला, गावापासून लांब, आणि गाडी मध्यरात्रीच्या सुमाराला, त्यामुळे ह्यांनी रिक्षा सांगून ठेवलीये. सकाळी दादरला उतरू.

एक गोष्ट राहिली लिहायची आणि ती या सगळ्यात मला जास्त बोचलेली.

किमो चालू असताना घरी माणसांची रीघ होती. डबे यायचे, फळं यायची, शेजारच्या वहिनींनी तर सोळा हप्ते (चार लाल किमो आणि बारा नंतरच्या) लक्षात ठेवून प्रत्येक वेळी पेज पाठवली. आणि उपचार संपले तसे डबेही संपले. अगं छान दिसतेस आता, केस पण आले. लोकांचं बरोबर आहे, त्यांना दिसतं ते खरं. पण मला सगळ्यात एकटं वाटलं ते तेव्हा. उपचार चालू असतात तोवर पुढची तारीख असते, कोणीतरी बघत असतं. ते थांबलं की मोकळं सोडल्यासारखं होतं, आणि जे घडलं ते सगळं तेव्हा अंगावर येतं. ज्यांच्या घरी कोणाचे उपचार नुकतेच संपलेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, डबा आता न्या.

आणि माझी बालमैत्रीण. पहिलीपासूनची. ती संपूर्ण आजारात एकदाही आली नाही. एक मेसेज, काळजी घे, आणि बास. संक्रांतीला तिच्या घरचं हळदीकुंकू झाल्याचे फोटो बघितले, मला बोलावणं नव्हतं. तेव्हा मला वाटलं की माझा हात लागलेला तिला नको असेल, आजही असं मानणाऱ्या आहेत, वेगळा कप देणाऱ्या मी बघितल्यात, कॅन्सर हात लागून होत नाही हे माहीत असून.

मागच्या महिन्यात ती अचानक दारात. बसली, पाणी घेतलं नाही. म्हणाली, माझी आई यातच गेली, तुला आठवतं? मला आठवत होतं, आम्ही नववीत होतो. पण कशानं गेली ते तेव्हा घरात कोणी उच्चारलं नव्हतं, पोटाचं दुखणं असं सांगायचे. ती म्हणाली, मी तुला टोपीत बघू शकले नसते गं, मला आई दिसली असती. मी दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले.

मला तिला माफ वगैरे करायचं सुचलंच नाही. मी विचारलं, तू स्वतःचं तपासून घेतलंस का? तर नाही. 48 वर्षांची बाई, आई त्यातच गेलेली, आणि भीतीनं एकदाही मॅमोग्राम केला नाही. मग मी उठले, चहा केला, आणि तिला सगळं सांगितलं, मशीन कसं असतं, किती दाबतं, किती वेळ लागतो. दोन तास बोललो. मधे तिनं विचारलं, बघू का? मी दार लावून ब्लाउज काढला. ह्यांच्याशिवाय आणि डॉक्टरांशिवाय मी कोणाला दाखवलं नव्हतं. तिनं वरपासून खालपर्यंत तो व्रण नीट बघितला, हात लावू का म्हणाली, आणि तिचा हात गार होता.

तिची तपासणी दिवाळीच्या आधीची ठरवलीये, इथेच, मी बरोबर जाणार आहे.

आत्ता सहाला तिचा फोन आला होता. म्हणाली स्टेशनला येते, नको म्हणू नकोस, मुंबईपर्यंत येत नाही, तेवढी हिंमत अजून नाही माझी, पण गाडी सुटेपर्यंत थांबते. मी म्हटलं ये. दशम्या आणि चटणी घेऊन येते म्हणाली, तीन माणसांच्या, म्हणजे रत्नागिरीच्या ताई उद्या ओपीडीत भेटणार आहेत हे मी तिला कधीतरी बोलले असणार.

रिक्षा साडेअकराला आहे. गोळी घेतली.