पर्मनंट व्हायला पाच दिवस कमी

नव्या श्रमसंहिता येण्याआधीचं प्रकरण, अजून सुनावणीतच आहे. प्रेस शॉपमधले, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागातले, दोन हेल्पर. दोघांना वर्षानुवर्षं सात-सात महिन्यांची नेमणूकपत्रं आणि मधे पंधरवड्याचा ब्रेक. ब्रेक दिला की सलग सेवा तुटते, अशी एचआरवाल्यांची फार श्रद्धा असते, ती फोल आहे. आपल्याकडच्या आदर्श स्थायी आदेशांतलं (नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांतलं) कलम 4-क मागच्या बारा महिन्यांतली बेरीज बघतं. 240 दिवस भरले (हंगामी कारखान्यात 190) की लेखी आदेशाने पर्मनंट, मग नाव सलग मस्टरवर असो वा नसो.

खरी मारामारी मोजणीची. पहिल्याची हजेरी 214. कंपनी तेवढ्यावरच अडून बसली. पण किमान वेतनाचा रोजचा दर मासिक दराला 26 ने, म्हणजे फक्त कामाच्या दिवसांनी, भागून काढतात, त्यामुळे साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यात आलाच. पगारी रविवार आणि सुट्ट्या 240 मध्ये धरायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात 1985 मध्येच सांगितलंय. 35 रविवार, 4 पगारी सुट्ट्या, एकूण 253.

दिवस भरल्याचं सिद्ध करायचं कामगारानेच, आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. म्हणून मस्टर, पगारपत्रक नि पीएफची मासिक विवरणं हजर करण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. मस्टर हटकून ‘सापडत नाही’. पीएफच्या विवरणात मात्र बिनपगारी दिवसांचा रकाना असतो, तो गहाळ करता येत नाही.

दुसऱ्याचे 198 अधिक 33 अधिक 4, म्हणजे 235. त्याचं बोट प्रेसमध्ये चेमटलं होतं, बारा दिवस घरी होता. या प्रकरणाला लागू असलेल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब प्रमाणे कामावरच्या अपघाताने आलेली तात्पुरती असमर्थता या 240 मध्ये धरतात, साधं आजारपण नाही. ते बारा धरले की 247. पण अपघात रजिस्टर कोरं, ईएसआयकडे (कामगार विमा योजनेकडे) अहवालच गेलेला नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं ते आजारपणाचं. सुपरवायझरने ‘शून्य अपघात’चा फलक जपला! केसपेपरवर टाके लिहिलेत, कुठे लागलं ते नाही.

तो म्हणतो, बोट चेमटलं त्या दिवशी दुपारनंतर त्याची प्रेस बंद होती. तसं असेल तर प्रॉडक्शन शीटवर त्या तासांपुढे शून्य असणार. आता ती शीट मागवली आहे.