बेथलेहेमला गेलात तर ओढ्याकडे उतरा

पेनसिल्वेनियातल्या बेथलेहेमला आपली बरीच मंडळी डिसेंबरात जातात, ख्रिसमसची लायटिंग बघतात, मेन स्ट्रीटवर फोटो काढतात नि परत घरी. माझं म्हणणं इतकंच की त्या मेन स्ट्रीटवरून जरा खाली मोनॉकसी ओढ्याकडे उतरा, कारण गाव खरं उभं राहिलं ते तिथे. 2024 च्या जुलैत दिल्लीत युनेस्कोची बैठक झाली ना, त्यातच मोरावियन वसाहतींसोबत बेथलेहेमही जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

मोरावियन म्हणजे मूळचे आजच्या चेकियातले प्रोटेस्टंट, छळ झाला म्हणून जर्मनीत हेर्नहूटला आसरा घेतलेले. 1741 मध्ये त्यांनी इथे वस्ती केली, लेनापे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या मुलखात, आणि 1747 पर्यंत त्यांचे 35 च्या आसपास धंदे सुरू झाले होते! लोहार, कुंभार, सुतार, विणकर, रंगारी, पिठाची गिरणी, जवसाचं तेल काढायचा घाणा. सहा वर्षांत. धर्मप्रचाराला आलेली माणसं, पण प्रत्येकाच्या हातात काहीतरी कसब होतं.

मला सगळ्यात आवडली ती 1761 ची टॅनरी, म्हणजे कातडं कमावायची जागा. चुनखडीच्या दगडाची भक्कम इमारत. कातडं आधी धुवायचं, मग चुन्याच्या पाण्यात टाकायचं म्हणजे केस सुटतात, मग लाकडाच्या ओंडक्यावर पसरून सुरीने खरवडायचं, आणि मग हौदात एक थर कातडं एक थर ओकच्या सालीचा भुगा असं रचून पाणी भरायचं नि वाट बघायची, वर्षभर, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावतात, तत्त्व तेच, झाडाच्या सालीतलं नाहीतर फळातलं टॅनिन, कातडं टिकाऊ करणारा तुरट पदार्थ. एवढी वाट बघणं परवडायचं कारण चप्पल-बूट, खोगीर, घोड्याचा साज सगळ्यालाच कातडं लागायचं. वास मात्र भयंकर असणार, म्हणून असले उद्योग वर गावात नाहीत, खाली ओढ्याला.

टॅनरीच्या शेजारीच वॉटरवर्क्स. झरा खाली आणि घरं टेकडीवर, म्हणजे पाणी रोज खांद्यावरून वर न्यायचं. हान्स क्रिस्टोफर क्रिस्टेन्सन नावाच्या डॅनिश गिरणी-मिस्त्रीने आधी छोटा पंप करून पाहिला आणि 1762 मध्ये मोठी व्यवस्था उभी केली, ओढ्याच्या पाण्याने चाक फिरणार, चाक तीन पंप चालवणार, पंप झऱ्याचं पाणी लाकडी पाइपांतून (ओंडके आरपार पोखरून केलेले) टेकडीवरच्या टाकीत चढवणार, तिथून उताराने घराघरांत. अमेरिकेतल्या गावाला पंपाने पाणी देणारी ही पहिली योजना मानतात, 1832 पर्यंत ती चालली. ओढ्याचं पाणी स्वतःच झऱ्याचं पाणी वर चढवतंय ही कल्पनाच मला फार भारी वाटते.

आणि या सगळ्याला पगार नाही! जमीन, हत्यारं, जनावरं चर्चची, काम करणाऱ्याला जेवण, कपडे, छप्पर, मुलांचं संगोपन, उरलेल्या कमाईवर मिशनरी बाहेर पडायचे. कुटुंब म्हणून राहणंही नाही, अविवाहित पुरुष वेगळे, अविवाहित बायका वेगळ्या (सूतकताई, विणकाम बरंचसं त्यांच्याकडे), विवाहित वेगळे. 1762 मध्ये ही पद्धत मोडली नि माणसं आपापल्या घरी, आपापल्या कमाईवर आली.

बिनपगारी काम ऐकायला सुंदर वाटतं, पण ते मनाने स्वीकारलेल्यांसाठी. इथे गुलामही होते. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो समाजातला ओफोडोबेंडो वूमा, लहानपणीच पकडून विकलेला, न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने घेतलेला आणि पुढे मोरावियनांना देऊन टाकलेला. 1746 मध्ये बेथलेहेमला त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव पडलं अँड्र्यू. चर्चमध्ये बाकीच्यांसोबत बसायचा, त्याला 'ब्रदर' म्हणायचे, पण मालकी चर्चचीच. 1779 मध्ये तो इथेच वारला. मोरावियनांत प्रत्येकाने आपल्या आयुष्याची हकिकत मागे ठेवायची रीत होती, तशी त्याचीही आहे आणि ती इंग्रजीत वाचायला मिळते. जायच्या आधी वाचा, मग टॅनरी बघा.