सड्यावरचा हत्ती, गोठ्यातलं संग्रहालय: रत्नागिरी ते सावंतवाडी

कोकणात जाणाऱ्यांची यादी बहुधा समुद्र, मासे आणि एखादा किल्ला एवढ्यावर संपते. आम्ही यावेळी किनारा बाजूला ठेवला आणि गावांनी, घराण्यांनी स्वतःच्या हिमतीवर जपलेल्या जागा बघत रत्नागिरीहून सावंतवाडीपर्यंत उतरलो.

रत्नागिरीतला थिबा राजवाडा वेळ असेल तर बघा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाची शेवटची वर्षं इथे गेली. आमचा जीव मात्र सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, आणि तिथल्या कातळात कोरलेल्या चित्रांवर, कातळशिल्पांवर होता.

उक्षीच्या सड्यावर पोचल्यावर पहिली काही मिनिटं नुसता काळा, खरबरीत कातळच दिसतो. मग सोंडेची रेघ सापडते, तिच्यामागे नजर फिरत जाते आणि अख्खा हत्ती पायाशी उभा राहतो. इथे गावाने पुढाकार घेऊन या शिल्पाभोवती जांभ्या चिऱ्याची गोल भिंत बांधली आणि वरून बघायची सोय केली. त्यामुळे रेघांवर कुणाचा पाय पडत नाही. ही भिंत मला हत्तीइतकीच मोलाची वाटली. कातळशिल्पं शोधून काढण्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली. पण शोधलेलं राखायचं तर ते गावालाच करावं लागतं. सडे बहुतेक खासगी मालकीचे, आणि जांभ्याचे चिरे काढून विकले की पैसा मिळतो.

राजापूर तालुक्यातलं कशेळी चुकवू नका. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशा कितीतरी आकृती कोरल्यात. आधी शिल्पाला लांबून एक पूर्ण फेरी मारा, मगच फोटो काढा. जवळ उभं राहून तो कॅमेऱ्यात मावत नाही. याच तालुक्यात देवाचे गोठणे आहे. तिथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, तेव्हा होकायंत्र असेल तर बरोबर घ्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. उक्षी, कशेळी आणि देवाचे गोठणे त्यात आहेत.

सड्यावर जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. तिरप्या उन्हात रेघेच्या कडेला सावली धरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी सगळं सपाट दिसतं आणि कातळ तापतो तो वेगळाच. पावसाळ्यात गवत आणि पाणी. सड्यावर झाड नाही, दुकान नाही. पाणी आणि टोपी घ्या. नकाशातली खूण शेवटच्या वळणावर दगा देते, म्हणून गावात विचारा आणि गावातलाच कुणी वाटाड्या म्हणून घ्या. त्याला पैसे द्या, तो मागणार नाही तरीही. रेघा नीट याव्यात म्हणून त्यांत खडू भरणं, पाणी ओतणं, वर उभं राहणं अजिबात नको.

पुढचा मुक्काम कुडाळ. शेजारचं पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथीचं गाव. परशुराम गंगावणे यांनी इथे आपल्या गोठ्यात संग्रहालय थाटलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीच्या पोथ्या आहेत. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा संच. कथेकरी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गातो, साथीला वीणा, हुडूक आणि टाळ. चित्रातले डोळे एवढे मोठे की अंधाऱ्या देवळात समईच्या उजेडातही ते लांबून ओळखू यावेत. मांडलेली चित्रं बघून मागे फिरलात तर निम्मंच बघून आलात असं समजा. आधी फोन करून प्रयोग होईल का विचारा, त्याचं मानधन विचारून घ्या आणि घासाघीस करू नका. मुलं असतील तर नक्की न्या. बाहुली नाचवणारी बोटं इतक्या जवळून शहरात बघायला मिळत नाहीत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा आहेत, हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते. विसाव्या शतकात ही कला अगदी विझायला आली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. कारागीर काम करत असतील तर थांबून बघा. केसाएवढ्या ब्रशने काठावरची वेल एका दमात ओढली जाते, तेव्हा किमतीबद्दलची तक्रार तोंडातच राहते. पूर्ण संच परवडत नसेल तर छोटी वस्तू घ्या, पण कारागिरांकडूनच.

कुडाळ आणि सावंतवाडी दोन्ही कोकण रेल्वेवर आहेत. पिंगुळीला कुडाळहून रिक्षा पुरते; राजापूरच्या सड्यांसाठी मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवी, एस.टी.च्या वेळा धरून जमत नाही. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. सुटे पैसे जवळ ठेवा, सड्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गणपतीत आणि शिमग्यात गावं सणात असतात. तेव्हा संग्रहालय उघडून द्या म्हणून कुणाच्या दाराशी जाऊ नका. पिंगुळीला निदान अर्धा दिवस राखून ठेवा.