एडिनबरा: आधी कुणाचं नाव?

एडिनबऱ्यात येणारे बहुतेक लोक आधी किल्ला गाठतात. मी चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंडमध्ये शिरले. एक तर तिथं तिकीट नाही, शिवाय बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. मुख्य ओढ मात्र स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या काळातल्या चांदीच्या नाण्यांची.

जुलै १५६५ मध्ये मेरीनं हेन्री डार्नलीशी लग्न केलं आणि रायल नावाचं चांदीचं मोठं नाणं निघालं. त्यावर नवराबायको समोरासमोर, नावं मात्र ‘हेन्रिकस आणि मारिया’ अशी. गादी तिची, आणि नाव आधी त्याचं! हे नाणं आज अतिशय दुर्मीळ आहे. त्याच वर्षी दुसरा रायल आला. त्यावर आधी मारिया, मग हेन्रिकस. चेहरे गेले, एका बाजूला ढाल, दुसरीकडे मुकुट घातलेलं ताडासारखं झाड आणि बुंध्यावरून वर चढणारं कासव. हे कासव म्हणजे डार्नली, असं पुष्कळजण सांगतात. सरकारी नाण्यावर राणी नवऱ्याचा असा पाणउतारा करेल, हे मला पटत नाही. पण नावं उलटी झाली, ती काय उगीच?

म्युझियमच्या शेजारीच विद्यापीठाचं ओल्ड कॉलेज आहे. तिथंच पूर्वी कर्क ओ’ फील्ड हे चर्च आणि त्याच्या आवारातली घरं होती. १० फेब्रुवारी १५६७ च्या पहाटे डार्नली उतरला होता ते घर दारूगोळ्यानं उडवलं गेलं. तो बाहेर बागेत मेलेला सापडला. त्या सालच्या रायलवर एकटी मारिया उरली. जुलैत तिचीही गादी गेली आणि तिच्या तान्ह्या मुलाच्या, सहाव्या जेम्सच्या रायलवर मुकुटाखाली उभी तलवार आली.

तिथून उतरून काउगेटला गेले. पुलाखालून जाणारा, भर दुपारीही अंधारलेला रस्ता. जेम्सच्या काळापासून टाकसाळ इथंच, ग्रेज क्लोज या गल्लीच्या पायथ्याशी होती. १५७८ मध्ये सरकारनं जुन्या रायलवर थिसल या स्कॉटलंडच्या काटेरी फुलाचा छोटा ठसा मारून ३० शिलिंगांचे ३६ शिलिंग ९ पेन्स केले. चांदी होती तेवढीच!

टाकसाळीची इमारत आता नाही. १७०७ च्या इंग्लंड-स्कॉटलंड विलीनीकरणाच्या करारात स्कॉटलंडची टाकसाळ चालू ठेवण्याचं कलम होतं. राणी ॲनच्या प्रतिमेखाली एडिनबऱ्याचं ‘ई’ अक्षर असलेली चांदीची नाणी पडली, पण १७०९ नंतर काम थांबलं. टाकसाळीची पदं मात्र १८१७ पर्यंत पगारासकट शाबूत होती.